शीतगृहातून निरोप नाही

८ मार्च २००८, शनिवार, संध्याकाळ

दिंडोरीच्या शीतगृहातलं यंत्र दर तासाला आतलं तापमान माझ्या मोबाइलवर कळवतं. दुपारपासून एकही निरोप नाही. आत आमची आणि शेजाऱ्यांचीही द्राक्षं आहेत. उद्या कंटेनर यायचाय. गारवा गेला तर सगळ्यांचं वर्ष गेलं.

हे म्हणाले, "निरोप नाही म्हणजे सगळं ठीक." असं असतं का?

मघाशी राखणदार काशिनाथचा फोन आला. "वैनी, पाण्याच्या टाकीवर चढलोय, इथंच जरा रेंज हाय. दुपारधरनं लाइट नाय. जनरेटर लय घरघरतोय."

"आत किती डिग्री आहे?"

"बघून परत चढतो."

उतरला, तो अजून चढलेला नाही.

वीज गेली की तिथला टॉवरही बंद पडतो. म्हणजे नेमकं सांगायची वेळ आली की यंत्र मुकं. मग बसवलं कशासाठी? बायकांनी एकेक घड किती हळुवार हातांनी खोक्यात ठेवला होता...

आत्ता मोबाइल वाजला. मी झडपच घातली. नव्या कॉलर ट्यूनची जाहिरात! ह्यांनीही वाचली. हसले नाहीत. गाडी काढायला गेलेत.

पोचल्यावर कोणाला काही विचारायचं नाही. आधी दार उघडून हात आत घालायचा.