उजवीकडची, खालची, शेवटची

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. चोवीस वर्षं लिफ्टच्या मेंटेनन्सचं रजिस्टर लिहितोय. तारीख, बिघाड, उपाय, सही. स्वतःचं कधी लिहिलं नाही. संकल्प: रोज लिहायचं आणि खरं तेच लिहायचं.

उजवीकडे खाली, अगदी शेवटी, काहीतरी आहे. दुखणं नव्हे. जाणीव. चहा डावीकडून प्यायलो.

कन्या डेंटल कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. चोवीस तारखेला परीक्षा. अक्कलदाढेचा एक पेशंट बाहेरच्या परीक्षकांसमोर खुर्चीत बसवायचा आणि केस मांडायची. पेशंट आला नाही तर नापास, पुन्हा सहा महिने. तिचा ठरलेला पेशंट गावाला निघून गेला. जेवताना अगदी रडवेली झाली होती. म्हटलं, अगं, बाप कशाला आहे? माझी आहे की दाढ! शब्द दिला. ही म्हणाली, बावन्नाव्या वर्षी का होईना, अक्कल सापडली. मी लक्ष दिलं नाही.

कन्येने मोबाईलच्या टॉर्चने बघितलं. दाढ अर्धी हिरडीखाली, तिरकी, मागे अन्न अडकतंय वगैरे. म्हणाली, बाबा, प्रत्येक अक्कलदाढ काढावी लागत नाही. हे वाक्य दोनदा अधोरेखित केलंय. पुढेही काही सांगत होती, पण मला तहान लागली.

५ मार्च, बुधवार
दुखत नाही. ठणकतंय. फरक आहे. कारण सापडलं: पंखा. उद्यापासून उशी उलट्या बाजूला.

बारा मजली बिल्डिंगची लिफ्ट महिनाभर करकरत होती, मॅनेजरने आज बोलावलं. त्याला चांगला फैलावर घेतला. म्हटलं, आवाज लहान असतो तेव्हाच माणूस बोलवायचा असतो. आवाज थांबला म्हणजे बिघाड गेला असं नसतं. मॅनेजर खाली मान घालून ऐकत होता. दाढेखाली लवंग असल्यामुळे भाषण जरा आवरतं घ्यावं लागलं.

आमचा मेकॅनिक, सगळे त्याला पाना म्हणतात, विचारत होता की साहेब, गाल का धरलाय? म्हटलं, विचार करतोय.

८ मार्च, शनिवार
मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. खडखडीत बरं! कन्येला म्हटलं, बसली बघ आपोआप. ती म्हणाली, बसली नाही, दबा धरून बसलीय. सोमवारी नऊ वाजता एक्स-रे. हो म्हटलं. फार शिकलं की मुलं भित्री होतात.

१० मार्च, सोमवार
एक्स-रे झाला नाही. नाइलाज. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली, आत एक बाई आणि त्यांचं कपाट. माणसाच्या जिवापेक्षा दाढ मोठी नाही.

लिफ्ट दुपारी बाराला अडकली हे खरं. पण अडकणार याची मला नऊ वाजताच कुणकुण लागली होती. चोवीस वर्षांचा अनुभव आहे.

१२ मार्च, बुधवार
ही म्हणते, घाबरता तुम्ही. हसू आलं. उजवा गाल सोडून हसलो. बाराव्या मजल्यावर उघड्या शाफ्टमध्ये, खाली अंधार, एका पट्ट्यावर उभा राहून मी केबल तपासतो. तो माणूस एका सुईला घाबरेल? ती म्हणाली, केबलला सुई टोचत नाहीत. बायकांना लॉजिक नसतं.

शुक्रवारी नक्की. लेखी देतो.

१४ मार्च, शुक्रवार
गेलो. गेलो होतो, याची नोंद असावी. नंबर सातवा. आतून मशीनचा आवाज आला. मोटरचे आवाज मी झोपेत ओळखतो. बेअरिंग गेलेलं होतं, शंभर टक्के. असल्या मशीनखाली मी माझं तोंड देणार नाही, हा सेफ्टीचा प्रश्न आहे. काउंटरवरच्या बाईंना तसं स्पष्ट सांगितलं, तेल घाला म्हटलं, आणि निघालो.

संध्याकाळ: बाईंनी सगळ्या डिपार्टमेंटला सांगितलं. कन्या घरी आली ती थेट बाथरूममध्ये. नळ सोडून रडते ती, लहानपणापासून. तिला वाटतं, आम्हाला ऐकू येत नाही. मी बाहेर टॉवेल घेऊन उभा होतो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. टॉवेल दाराला अडकवून आलो.

संकल्प: सोमवारी कोणी अडवलं तरी जाणारच.

१७ मार्च, सोमवार
अडवलं. तापाने. गाल पावासारखा फुगलाय. तोंड एक बोट उघडतं, तेही करंगळी. कारण: शनिवारी गार पाणी प्यायलो.

दिवसभर चमच्याने सूप. पाना भेटायला आला. म्हणाला, साहेब, दरवाजा अर्धाच उघडतोय, रेल साफ करायला हवी. हाकलून देणार होतो, पण त्यासाठी तोंड उघडावं लागतं.

२० मार्च, गुरुवार
मायलेकींनी दोन्ही बाजूंनी धरून नेलं. विरोध केला नाही. एक्स-रे झाला. कन्येच्या मॅडमनी बघितलं, हिरडीखालची घाण धुऊन काढली, गोळ्या दिल्या. बेअरिंग ठीक आहे.

मॅडम म्हणाल्या, सरळ आलेली, न दुखणारी, नीट घासता येणारी दाढ आपण काढत नाही. मी कन्येकडे विजयी मुद्रेने बघितलं. मॅडम थांबल्या नव्हत्या. ही तिरकी आहे, तिच्यावरची हिरडी पुन्हा पुन्हा सुजते, पू झालाय, आणि शेजारची चांगली दाढही किडायला लागलीय. ही काढायलाच हवी. पण सूज उतरल्याशिवाय नाही. दोन आठवडे आधी आला असतात तर, म्हणाल्या.

मी म्हटलं, आधी दुखतच नव्हतं. कन्या एक्स-रे बघत राहिली. चार दिवसांवर परीक्षा, आणि पेशंटचं तोंड उघडत नाही.

२४ मार्च, सोमवार
नऊची वेळ. मी साडेसातला खुर्चीत. सफाईवाल्या बाईंनी दोनदा उठवलं, दोनदा परत बसलो. तोंड दोन बोटं उघडतंय.

परीक्षकांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? सवयीने निघून गेलं, परवापासून. सगळे कन्येकडे बघायला लागले. केस तिथेच बसणार होती. तिने माझ्या तोंडात आरसा घातला, आणि दुसऱ्या हाताने कोटाच्या खिशातून वही काढली.

ही वही!

कपाटात शर्टांखाली होती. ती जागा फक्त हिला ठाऊक. घरभेदी!

कन्येने सगळं वाचलं. तीन मार्च, जाणीव. पाच, ठणका आणि लवंग. आठ, गुळण्या. चौदा, बेअरिंग. सतरा, ताप. तोंडात आरसा, मला ब्र काढता येईना. बेअरिंगला मुलं खो खो हसली. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, तीस वर्षांत इतकी तारीखवार केस बघितली नाही. पेशंट खोटा, पण तारखा खऱ्या.

बाहेर आल्यावर कन्येने विचारलं, बाबा, रागावलात? मी मान हलवली. तिला वाटलं, तोंड दुखतंय. मी तिची बॅग खांद्यावर घेतली.

३ एप्रिल, गुरुवार
काल काढली. मॅडमनी काढली, कन्या शेजारी उभी. पंचवीस मिनिटं. सुई टोचली ती मुंगी चावल्यासारखी, पुढे काही कळलंच नाही. कशासाठी एवढं घाबरलो होतो? म्हणजे, घाबरलो नव्हतो.

कन्या पास. केसमध्ये वर्गात पहिली.

चोवीसची नोंद लिहून झाल्यावर कन्येने केसपेपरसाठी वही पुन्हा नेली होती, ती आज परत मिळाली. सोबत केसपेपरची कॉपी. त्यात एक रकाना आहे: माहिती देणारा विश्वासार्ह आहे का? कन्येच्या सुंदर अक्षरात: नाही.

वहीतही तिने समासात पेन्सिलने लिहिलंय. तीन मार्चच्या अधोरेखित वाक्यापुढे: "पण तुमची काढावी लागेल, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही पाणी प्यायला उठलात." चौदा मार्चपाशी: "टॉवेल मिळाला."

ते दोनदा वाचलं.

आणि आजच्या पानावर, मी लिहायच्या आधीच, रजिस्टरसारखे रकाने आखून ठेवलेत. बिघाड: डावीकडची, खालची, शेवटची. उपाय: एक्स-रे. तारीख: ८ एप्रिल, सकाळी ९. शेरा: त्या दिवशी लिफ्ट पाना बघेल, त्याच्याशी बोलणं झालंय.

खाली सहीची जागा सोडली होती. सही केली.