तिसरी खोली

राजूर, २४ मे २०२०

आदरणीय व्याहीबुवा बापूजी यांस,

राजूरहून डोमाजीचा मनापासून जयभीम. आपण, विहीणबाई हंसाबाई, जावईबापू राजदीप आणि आमची सत्यशीला सारे खुशाल असाल, अशी आशा बाळगतो. आपल्या गुडघ्याचे दुखणे आता कसे आहे ते कळवावे. विहीणबाईंच्या लोणच्याची येथे नित्य आठवण निघते. (शुद्ध भाषा इथवरच जमते, बापूजी. पुढचं आपल्या बोलीत लिहितो, गोड मानून घ्या.)

तुम्ही म्हणसान, हातात मोबाइल असून डोमाजी कागद कायले खराब करून राह्यला? तर फोनवर मनातलं बोलाले एकांत लागते, अन् आमच्या घरात लहानमोठी सात माणसं. मी 'हॅलो' म्हटलं का साऱ्यांचे कान इकडं. तुमचा निरोप पंधरा दिवसांमांगं भेटला. सत्यशीलेले आठवा महिना लागला, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं, अशी रीत आहे. बाहेरून येणाऱ्याले चौदा दिवस वेगळी खोली लागते, पण 'तुमच्याकडं तर तीन खोल्या आहेत, चिंता नाही', असं तुम्ही कळवलं. बरोबर आहे. चिंता कायची? त्या खोल्यांचाच हालहवाल सांगाले बसलो.

मांगच्या महिन्यात कोळसा खदानीचे श्रीकृष्ण साहेब भोंग्याची गाडी घेऊन आमच्या गल्लीत आले. माणूस भला, खोटं कायले बोलू. उन्हात उभं राहून कळकळीनं सांगे, का घरात जेवढी माणसं तेवढ्या खोल्यांत राहा, प्रत्येकाचं न्हाणीघर वेगळं ठेवा. (साहेबाच्या बंगल्यात माणसं तीन अन् संडास पाच. आमच्या चार घरांत माणसं तेवीस अन् संडास एक, त्याची कडी आतून लागत नाही म्हणून बाहेर एक जण उभा ठेवा लागते. म्हणजे माणसापासून माणूस तोडाचा तरी कसा?) मंग नळावर सहा-सहा फुटांवर चुन्याचे गोल काढले. गोल गल्लीत मावनात, ते पार सडकेपर्यंत गेले. आमच्या बायाही काही कमी नाहीत. त्यांनी एकेका गोलात पाण्याचा एकेक गुंड ठेवला अन् साऱ्याजणी लिंबाच्या सावलीत खांद्याले खांदा लावून बसल्या. गुंडाले काही झालं नसतं बाप्पा! साहेबानं ते पाह्यलं, गल्लीची रुंदी पाह्यली, दारातून आमच्या घरात एकदा डोकावलं, अन् भोंगा बंद करून खाली मान घालून गेला. मले त्याचंच वाईट वाटलं.

आता कापसाचं आयका. औंदा खरेदी बंद पडली, तवापासून आमचा कापूस घरातच आहे. आतली खोली पार वरपर्यंत भरली. एप्रिल सरता सरता नंबर कवा लागते ते पुसाले मी वणीले गेलतो. तिथल्या रांगेतला एक जण बिमार निघाला अन् रांगेतल्या साऱ्यांच्या हातावर शिक्के बसले. घरी आलो तर दवाखान्याच्या आशाताई शीलाबाई वही घेऊन उभ्या. "काका, वेगळी खोली आहे का? नाही तर शाळेत राहा लागन." माझ्या तोंडून निघून गेलं, "तीन खोल्या आहेत." तिनं तसंच लिहून घेतलं, अन् म्या कापसाच्या खोलीत कोंडून घेतलं.

कापसावर झोपणं म्हणजे राजाची गादी, असं कोणाले वाटन. एक रात झोपून पाहा, बापूजी! डोक्यावर हातभर अंतरावर तापलेली टिनं, खाली कापसातले किडे. नखं झिजली पण खाज गेली नाही. सूनबाई दीपा जेवणाचं ताट काठीनं आत ढकले. नवव्या दिवशी कूस बदलाले गेलो तर कापूसच सरकला, अन् मी कापसासकट पडदा फाडून बाहेरच्या खोलीत, जेवणाऱ्या पंगतीच्या मधात येऊन पडलो. सारे घाबरून उठले, पण दूर जातीन कुठं? नातवानं काठीनं मोजलं अन् ओरडला, "आबा, दीडच फूट!" तवा हसलो खरं, पण रातभर डोळ्याले डोळा लागला नाही. माह्यापासून लेकराले काही झालं असतं तर?

चौदा दिवस सरले, काही झालं नाही. पण मी बाहेर निघालो त्याच दिवशी सत्यशीलेची माय मथुरा वळकटी घेऊन वावरातल्या झोपडीत राहाले गेली. "घरात लय गरम होते," म्हणे. आता मे महिन्यात वावरात काय राखाचं आहे, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या? भाकर घेऊन गेलो तर वावराच्या धुऱ्यावरूनच ओरडते, "ठेवा तिथं अन् मांगं सरा!" नातवंडांनाही जवळ येऊ देत नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात एवढी रुसलेली म्या तिले कधी पाह्यली नाही. माह्यं काय चुकलं ते सांगतही नाही. तुम्ही वडीलधारे, तुम्हीच तिले समजावा.

बाकी सारं क्षेम. लहानांना आशीर्वाद.

तुमचा व्याही,
डोमाजी

ता. क. – तिसऱ्या खोलीचं राह्यलं. सोयरिकीच्या वेळी तुम्ही आलते तवा सत्यशीला ज्या खोलीतून चहा घेऊन आली, ती खोली आमची नाही, शेजारच्या रामधनची आहे. त्याचं कुटुंब त्या दिवशी तीन घंटे मांगं बोरीखाली उभं होतं, बिचारं. पोरीचं चांगलं स्थळ जाऊ नये म्हणून खोटं बोललो, माफी करा. आमच्या दोनच खोल्या, त्यातली एक कापसाची. रीत मोडते तर मोडू द्या, पण पोरीचं बाळंतपण तुमच्याच घरी होऊ द्या. हे पत्र रामधनच्याच हाती धाडतो, त्याच्या गाडीले पास आहे. पटत नसन तर त्यालेच पुसा.

आणखी एक – पत्र बंद कराच्या आधी पोरीले काही धाडाचं का म्हणून मथुराले पुसाले गेलतो. झोपडीच्या कुडावर कोळशाच्या तेरा रेघा आहेत. जुन्या लुगड्याची बाळाची गोधडी तीनदा धुऊन वाळत घातली आहे. धुऱ्यावरूनच म्हणे, "तुमच्या तीन खोल्यांचं तुम्ही पाहा. पोरगी इथं येऊ शकत नाही, हे मले निरोप आला त्या दिवशीच समजलं. तिच्याजवळ मले जाचं आहे तर अंगावर शंका नको." अन् मी समजलो रुसली! उद्या चौदावी रेघ. तिच्या पासासाठी तुमच्या दोन ओळींची चिठ्ठी लागते, ती रामधनच्या हातीच द्या. तिकडं आणखी चौदा दिवस म्हणसान तर तेही ती तुमच्या गोठ्यात काढीन. मी हात जोडतो, बापूजी, फक्त पोरीले कळा येतीन तवा तिच्या मायले सहा फुटांवर उभं करू नका.