बसणारे सात

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम तुझ्या शिवणाच्या दुकानावर पाठवतोय. घरी फोन केला की बाबा तो स्पीकरवर टाकतात, आणि मग आत्या स्वयंपाकघरातून विचारते, कोण गेलं म्हणून. अशा वातावरणात गुप्त बोलणी होत नाहीत.

तर, मोठी गाडी घ्यायची ठरवलं आहे. सुट्टीत आठ दिवस समुद्रावर जायचं तर सगळे एकाच गाडीत, हा मुलींचा हट्ट आणि माझीही हौस. गेल्या वेळी दोन गाड्या केल्या, तर अर्धा प्रवास एकमेकांना शोधण्यात गेला. चार शोरूम पालथी घातली. तिसरी रांग नावाचा जो प्रकार असतो तो बहुतेक गाड्यांत गुडघे कानाला लावून बसण्यासाठी केलेला आहे. जुळ्यांना तिथे बसवून पाहिलं, तर धाकटीने विचारलं की इथून बाहेर कसं येतात. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं मला रोज हेच विचारतात, त्यामुळे तयार उत्तर होतं.

शेवटी एक सापडली. सात सीटची, ऐसपैस, बॅटरी आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी, लिटरला एकवीस. शोरूममधल्या बाईने घरात किती जण विचारलं. मी खिशातून यादी काढली: आई, आत्या, तू, बायको, जुळ्या दोघी, मी. बसणारे सात. जमलं.

आता मुद्द्याचं. डोळ्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं बाबांना स्पष्ट कुणीतरी सांगायला हवं. ते तू सांग. तू मोठी आहेस आणि तुझ्या हातात कात्री असते.

लोभ आहेच, तो गाडी येईपर्यंत तरी टिकव.

तुझा
धाकटा

८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्र मिळालं. शेवटचा परिच्छेद वाचून आशीर्वाद परत घेणार होते, पण लिहून झाले होते.

डॉक्टर मला आणि आईला म्हणाले की बाबांच्या डाव्या कडेची नजर गेली आहे, ती परत येणार नाही आणि गाडी चालवणं आता बंद. बाबा तेव्हा बाहेर चपला शोधत होते. घरी येताना त्यांनीच गाडी चालवली आणि डावी बाजू फाटकाला घासली. उतरून त्यांनी फाटकाकडे असं पाहिलं की तेच मध्ये आलं होतं. डॉक्टरबद्दल त्यांचं मत एवढंच, की त्याचे दुधाचे दात पडायच्या आधीपासून आपण बस चालवतोय.

चौतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला हे मी सांगायचं? जमणार नाही. त्यांना इंधन वाचवल्याबद्दल डेपोने दिलेलं घड्याळ अजून हॉलमध्ये आहे. ते बंद पडलंय हेसुद्धा आम्ही त्यांना सांगितलेलं नाही. तूच सांग. अडकलेल्या लोकांना दाराबाहेरून धीर देतोस ना, तसा दे.

मी सीटची कव्हरं शिवते. मापं घेणं सुरू आहे. आत्या माप द्यायला तयार नाही, म्हणून ती उठून गेल्यावर सोफ्यावरच्या खड्ड्याचं घेतलं. ते इथे लिहीत नाही, पत्र कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. आईला फक्त पायरी उंच नको. गाडीचं माहितीपत्रक आणि तुझी यादी पाठव.

बायकोला आणि पोरींना माझी आठवण सांग, आणि तू थोडी हिंमत गोळा कर.

तुझी
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माहितीपत्रक आणि यादी सोबत आहे. गाडी बुक केली. चालवून पाहिली, आवाज असा येतच नाही. बायको दातांच्या दवाखान्यात दिवसभर किंकाळ्या ऐकते, तिला गाडी तेवढ्यावरच पसंत पडली. फक्त मागच्या रांगेत कुणाला मळमळलं तर साफ करायला माझं नाव तिने आताच लिहून ठेवलं आहे.

हिंमत गोळा केली होती. बाबांना तीनदा पत्र लिहायला बसलो. पहिल्यात हवापाण्यावर एक पान झालं. दुसरं बरं होतं, पण बायकोने वाचून विचारलं की यात डोळा कुठे आहे. तिसऱ्यात मी सरळ लिटरला एकवीस जाते एवढं लिहिलं आणि टाकलं. त्यांचं कार्ड आलं. टायरात हवा बरोबर ठेवायची, आणि पहिले हजार किलोमीटर आपणच चालवणार, नवं इंजिन कुणाच्याही पायाखाली द्यायचं नसतं. चावी मिळायच्या दिवशी ते त्यांची उशी घेऊन येणार आहेत. तीच, बसमध्ये चौतीस वर्षं पाठीशी घेऊन आता फरशीसारखी झालेली.

ताई, मला खरंच भीती वाटते. ते उशी ठेवून बसतील आणि हात पुढे करतील, आणि मागे जुळ्या बसलेल्या असतील. मी चावी देऊन टाकेन, हे मला आताच माहीत आहे. काहीतरी कर.

तुझा
भित्रा (तू म्हणायच्या आधी मीच)

१९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

आधी तुझी अक्कल काढते, मग बाकीचं.

कव्हरं बेतण्यासाठी मी कापायच्या टेबलावर खडूने गाडी काढली. माहितीपत्रकाप्रमाणे पुढे दोन, मधे तीन, मागे दोन. माणसांच्या जागी बटणं ठेवली. तुझी यादी वाचत गेले, सात बटणं सात जागी बसली. मग लक्षात आलं की बाबांचं बटण हातातच आहे.

आपल्या घरात गाडीत किती जण, हे आपण बसवाल्यांसारखं मोजतो. बसमध्ये आत लिहिलेलं असायचं, बसणारे बावन्न, आणि त्यात ड्रायव्हर नसायचा. लहानपणापासून आपण बसणारे मोजले, बाबांना कधी मोजलंच नाही. ते असायचेच. शोरूमवाले मात्र ड्रायव्हरला धरून सात म्हणतात. म्हणजे आपण आठ आणि सीट सात. आणि शहाण्या, तू स्वतःला बसणाऱ्यांत घातलं आहेस. बाबांनी चालवू नये म्हणून मला कात्री दाखवायला सांगतोस आणि मनात अजून तेच चालवताहेत.

मी हे पुटपुटत असताना बाबा डबा घेऊन दुकानात आले. टेबलाकडे एकदा पाहिलं. गाडी खडूची असली तरी त्यांना ओळखू आली. त्यांनी यादी वाचली, माझ्या हातातलं कोटाचं मोठं काळं बटण घेतलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर ठेवायला गेले. तिथे तुझं बटण होतं. कोणाचं म्हणून विचारलं. मला खोटं सुचलं नाही. मी डॉक्टरांचं सगळं सांगून टाकलं, आणि रडू आलं तेही आवरलं नाही.

ते स्टुलावर बसले. म्हणाले की माहीत आहे. डॉक्टर बोलत होते तेव्हा चपला सापडल्या होत्या, ते दाराशीच उभे होते. गेले दोन महिने ते डावीकडे वळतच नाहीत. डावीकडे जायचं असेल तर उजवीकडे तीन वळणं घेऊन जातात. दूध आणायला तास का लागतो हे आता कळलं. आई उगाच दूधवालीवर संशय घेत होती.

मग काळं बटण खिशात टाकून ते निघून गेले. आज सकाळी उशी काखेत घेऊन कुठेतरी गेले आहेत, पण गाडी दारातच आहे.

तू ते बुकिंग थांबव. कुणा एकाने घरी राहायचं असेल तर मी राहीन, पण ते राहणार नाहीत.

तुझी
ताई

२३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गाडीबाबत पाहणी केली, तिचा अहवाल देत आहे.

मी येथील शोरूमला बसने गेलो. ड्रायव्हर नवीन होता, ब्रेक फार दाबतो, उतरताना त्याला सांगितले. शोरूममध्ये आठ सीटची गाडी आहे. पुढे दोन, मधे तीन, मागे तीन. तीच घे. तिसऱ्या रांगेत माझे गुडघे गुडघ्यांच्याच जागी राहिले. पायरी आईला चढता येईल, मी मोजली आहे. आत्या मधल्या रांगेत बसेल, तिच्या शेजारी बारीक माणूस द्यावा. ही गाडी लिटरला अठराच जाते. तीन कमी पडतात ते पायाने भरून काढायचे. पाय हलका ठेव, पुढचा सिग्नल लांबून बघ, आणि आत्याची ट्रंक घरी राहू दे.

सर्व सीटवर बसून पाहिले. शेवटी मागे, डाव्या कोपऱ्यात बसलो. तेथील बाई म्हणाली की आजोबांना सगळे पुढेच बसवतात. मी तिला म्हटले, पुढे मी बसून आलो आहे. चौतीस वर्षं माणसं माझ्या पाठीमागे होती. सुट्टीत तुम्ही माझ्या बसने यायचात तेव्हा हाताएवढ्या आरशात आईचं अर्धं कपाळ दिसायचं. तू घाटात झोपायचास असं म्हणतात, मी कधी पाहिलं नाही. डाव्या कोपऱ्यात बसलं की सगळे माझ्या उजव्या बाजूला येतात. तेवढी नजर अजून चांगली आहे. तिथे मी बराच वेळ बसलो, बाईने चहा दिला.

गाडी मागे घेताना आवाज मी देईन. तो ऐकायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. पहिले हजार किलोमीटर कसे चालवायचे ते वेगळ्या कागदावर लिहिले आहे. उशी पार्सलने पाठवत आहे. तुझी पाठ लांब आहे, उशी थोडी खाली घे.

तुझी यादी ताईकडून घेऊन तपासली. आकडा बरोबर आहे, एक नाव चुकले होते. तुझे खोडून तिथे माझे लिहिले आहे. बसणारे सातच. ड्रायव्हरला त्यात धरत नाहीत.

सर्वांना सांभाळून आण.

तुझे
बाबा