आपल्या मापाचं कुलूप

पुसद,
२५ ऑगस्ट २०२५

ती. दादांच्या चरणी धाकट्या विमलचा सा. न. वि. वि.

पोळ्याला तुमच्याकडे राहून काल घरी पोचले. दार सताड उघडं. कुलपाचं सिलिंडर मधोमध मोडून अर्धं पायपुसण्यावर पडलेलं. शिवणवर्गाच्या दोन्ही नव्या मशिनी गेल्या. जुनी काळी तेवढी राहिली, ती चोरालाही उचलवली नसावी. पोलीस पंचनामा करून गेले. समोर राहणारी लालीबाई, माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी, माझ्या आधी रडली.

फोन करणार होते, पण तुम्हाला फोनवर चोर म्हटलं की बोर ऐकू येतं, म्हणून पत्र.

सलीलला पुण्याला कळवलं. तो म्हणतो, आई, एकटीनं राहणं आता पुरे. दिवाळीला येतो, सामान बांधू, घर भाड्यानं देऊ. एजंटाशी बोलूनही ठेवलंय. पोराची काळजी कळते मला, पण हे गेल्यावर या वर्गानंच मला उभं केलं. मुलींना सोडून पुण्याच्या गॅलरीत बसून मी काय करू? मी जाणार नाही. कुलूप बदलणार आहे. निदान तुम्ही तरी माझ्या बाजूनं राहा.

वहिनींना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
विमल


बोरी अरब,
१ सप्टेंबर २०२५

चि. विमल हिस पुंडलिकदादाचे पोटभर आशीर्वाद.

अवो बाई, सिलिंडर मोडलं वाचून मले वाटलं गॅसचंच फुटलं! तुया वहिनीनं समजावून सांगतलं, कुलपात किल्ली घालतो तो पितळी भाग म्हणून, तवा कुठं दम घेतला. चोरी झाली थे वाईटच, पण तू धड हाय, आमाले तेवढंच पाह्यजे.

रागावू नको, पण मले सलीलचंच पटून राह्यलं. कायले हट्ट करतं? ज्याले घुसाचं हाय तो कोणतंबी कुलूप मोडून घुसते. पुण्याले करमत नसन तर इकडं ये, मागची खोली रिकामीच हाय. पऱ्हाटी यंदा बरी हाय, बोंडं धरून राह्यली. सोयाबीनबी हातचं जाणार नाही असं वाटते.

तवर कडीले मोठं कुलूप लाव अन् लालीबाईले सोबतीले बोलव. नाहीतर मीच काठी घेऊन तुया दारात येऊन बसतो.

माया कमी करू नको.

पुंडलिकदादा


पुसद,
१६ सप्टेंबर २०२५

ती. दादांस, अजून थोड्या रुसलेल्या विमलचा सा. न. वि. वि.

तुम्हीही सलीलच्या बाजूला गेलात! दोन दिवस घुश्शातच काढले. मग कामाला लागले.

दुकानदारानं सिलिंडर दिलं ते दोन्ही बाजूंनी सारखं. म्हणाला, ताई, सगळ्यांना हेच बसतं. घरी येऊन दाराशी धरून पाहिलं तर बाहेरून बोटभर पुढं आलेलं. जुनंही असंच होतं, आणि चोरानं तेवढंच पकडीत धरून हिसकलं. मोडका तुकडा दारातल्या उरलेल्या भागाशी जुळवून पाहिला तेव्हा दिसलं की मधे स्क्रूचं भोक असतं, तिथं ते अगदी बारीक असतं. तिथूनच मोडलं.

दादा, पाठ आणि पुढचा भाग मी कधी एका मापानं कापला नाही. मग दाराला एकच माप का? स्क्रूच्या भोकापासून आतलं वेगळं आणि बाहेरचं वेगळं मोजलं, दाराच्या मुठीमागं असते त्या लोखंडी पट्टीसकट. बाहेरचं बरंच कमी भरलं. ते सिलिंडर परत केलं आणि सांगितलं, टोक पट्टीच्या बरोबरीत हवं. कुणी हिसकलं तर पुढचा तुकडाच तुटावा, मागचं कुलूप जागचं हलू नये. आत ड्रिलला दाद न देणाऱ्या पोलादी पिना हव्यात. त्यानं डोकं खाजवलं, पण नागपूरहून बरोबर तसंच मागवून दिलं. किल्लीसोबत एक कार्डही आलं, ते दाखवल्याशिवाय दुसरी किल्ली बनत नाही.

बसवलं मीच. दार उघडं ठेवून, नाहीतर चुकल्यावर बाहेरच अडकायची! दाराच्या कडेचा लांब स्क्रू काढून जुन्याचा उरलेला अर्धा भाग ओढला. नवं आत सरकेना. लालीबाई म्हणाली, मिस्त्रीला बोलवू का? मी नाही म्हटलं. मग लक्षात आलं, किल्ली घालून थोडी फिरवली की मधली जिभली सरळ रेषेत येते. आली, आणि सिलिंडर अलगद आत गेलं. स्क्रू आवळला, दार उघडंच ठेवून दहादा किल्ली फिरवून पाहिली, मग लावलं. मी उंबऱ्यावर बसून एवढी हसले की लालीबाई घाबरली.

आता तरी पक्ष बदला.

विमल


बोरी अरब,
२४ सप्टेंबर २०२५

चि. विमल हिस दादाचे आशीर्वाद, जरासे जास्तीचेच.

तुयं पत्र वहिनीनं दोनदा वाचाले लावलं. थे तर तुयाच बाजूनं झाली. पण बाई, कुलूप कसं हाय थे चोर आल्याबिगर कसं समजन? अन् चोर येऊ नये असंबी वाटते. मंग मी काय बोलू? सोयाबीन कापाले आलं, मजूर भेटून नाही राह्यले. बाकी बरं हाय.

मनातून काढू नको.

पुंडलिकदादा


पुसद,
१९ ऑक्टोबर २०२५

ती. दादांस, ताठ मानेनं विमलचा सा. न. वि. वि.

चोर आला, दादा!

दसऱ्याला संध्याकाळी मी सोनं द्यायला गेले होते. खटपट ऐकून लालीबाई बाहेर आली. दोघं माझ्या दाराशी वाकलेले. तिनं जी आरोळी ठोकली, ती आमच्या ले-आऊटमधल्या सगळ्या घरांनी ऐकली. दोघं पकड टाकून पळाले. मी धावत आले तर फरशीवर सिलिंडरचा तुकडा.  पण तो पुढचाच होता, पट्टी वाकवून तोडलेला. दार बंद होतं! उरलेल्या भागात किल्ली घातली, थोडा जोर लावला, फिरली. आत मशीनवर अर्धवट शिवलेलं पोलकंसुद्धा जागच्या जागी.

लालीबाईनं एकाला ओळखलं होतं, तो सापडला. एक मशीन परत मिळाली, दुसरीचा पत्ता नाही. पट्टी सरळ केली आणि त्याच मापाचं नवं सिलिंडर नागपूरहून मागवून मीच बसवलं. आता शेजारणी टेप घेऊन येतात, म्हणतात, ताई, आमच्या दाराचं माप घ्या.

काल सलील आला, सामान बांधायला रिकामे खोके घेऊन. दारात थांबला. सिलिंडर पकडायला गेला तर बोटांत येईना, पट्टीच्या बाहेर काही नाहीच. मग तुटलेला तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.  तो अंगणात गेला आणि एजंटाला फोनवर म्हणाला, घर द्यायचं नाही, आई राहते इथं. आत येऊन विचारलं, आई, पुण्याच्या दाराचं माप कुठून घ्यायचं? दादा, मला रडू आलं, पण मी टेप काढून त्याच्या हातात दिला.

खोके वर्गाच्या कापडांना कामी आले.

भाऊबीजेला तुम्ही आणि वहिनी या. बेल वाजवून थांबा. दार मीच उघडीन.

तुमची,
विमल