आजोबा नापास व्हायला हवेत

८ ऑगस्ट
आजोबांनी आज मला आधी काकाच्या नावानं हाक मारली, मग मांजराच्या. मांजरानंतर माझा नंबर! गिऱ्हाइकांची नावं तर केव्हाच गेली — “ते कंबर चाळीस आले होते का रे?” पण शिवणाचं दुकान सोडवत नाही. कॉलेज सोडल्यापासून मी काज-बटणंच करतोय; कापड कापायच्या कात्रीला हात लावू देत नाहीत. काज-बटणंवाल्यानं प्रेम करायचं ते कुठल्या तोंडानं?

९ ऑगस्ट
ती आली! रोज दुकानावरून जाणारी ती, आज आत! कोटाच्या बाह्या आखूड करायला टाकल्या. निरोगी म्हाताऱ्यांच्या मेंदूवर संशोधन करते. म्हातारे हवेत आणि तुलनेला तरुणही. मी दोघांची नावं देऊन टाकली. आई म्हणाली, “तुला मेंदू आहे हे तरी कळेल.”

आजोबा मात्र पेटले. “नापास झालो तर कात्री तुझी. पास झालो तर तोंड बंद!”

देवा, नापास कर.

१४ ऑगस्ट
यंत्रात आडवं घालतात. चेहरे दिसतात, खाली नाव. नंतर नुसता चेहरा — नाव ओळखून बटण दाबायचं. मी भराभर दाबली. कानात तिचा आवाज, “हलू नका हं.” काय आवाज! हललोच.

आजोबांना इतका वेळ लागला की मला वाटलं, झोपले. मनात कात्रीला धारही लावून घेतली.

२१ ऑगस्ट
तिनं मेंदूची चित्रं दाखवली. माझा मेंदू एका बाजूला उजळलेला, आजोबांचा दोन्ही बाजूंना. मी ओरडलोच, “बिघाड!”

“बिघाड नाही. वयानं एका बाजूला जड जायला लागलं की दुसरी मदतीला येत असावी, असं आम्हाला वाटतं. नावं उशिरा येतात, पण येतात. आजोबा ठणठणीत आहेत.”

आणि त्यांची उत्तरं माझ्यापेक्षा जास्त बरोबर! मला म्हणते, “तुमचं लक्ष कुठे होतं?”

आता काय सांगू, बाई!

२२ ऑगस्ट
कात्री गेली. म्हातारा सकाळपासून शेजाऱ्यांना सांगत सुटलाय, “आमचं डबल इंजिन आहे!”

२४ ऑगस्ट
ती कोट न्यायला आली. आज बोलायचंच, असं ठरवलेलं. केस विंचरले होते, शर्टाची काज-बटणं माझ्या हातची. तिनं कोट घातला, खूश झाली, माझ्याकडे वळली — “थँक्यू हं... तुमचं नाव... अगदी जिभेवर आहे!”

स्मरणशक्तीची तज्ज्ञ!! माझा मेंदू बघितलाय तिनं. आतून!

आलं नाही शेवटपर्यंत. मीही सांगितलं नाही. जाऊ दे खड्ड्यात.

२५ ऑगस्ट
आजोबांनी कात्री माझ्यासमोर ठेवली. म्हटलं, “तुम्ही तर जिंकलात.” म्हणाले, “म्हणूनच. विसरायला लागल्यावर दिली असती तर तू हिसकावलीस असं झालं असतं. अजून सगळं आठवतंय, तोवर शिकून घे.”

कापड अंथरलंय. खडूच्या खुणाही त्यांनीच करून दिल्यात. दुपार टळली — पहिला काप घ्यायचा धीर होत नाही.