दुसरं पांघरूण

सौ. गृहस्वामिनीस,
सप्रेम तक्रार विशेष.

माझ्या ट्रंकेत तू स्वतःचंही पांघरूण कोंबलंस, हा एका निरुपद्रवी मुद्रितशोधकावर घोर अन्याय आहे. घरमालकीणबाईंनी ते पाहून विचारलं, "दुसरं कोणासाठी हो?"

म्हटलं, "बायकोचं. सध्या तिच्या अंगातच ग्रीष्म ऋतू मुक्कामाला आहे."

त्या हसल्या. "माझंही तेच झालं होतं. मी पंखा लावायची, हे कुडकुडायचे."

बाकी इथं ठीक. छापखान्यातली खोली उबदार आहे, फक्त माझी खुर्ची डुगडुगते. लेक अजून तुझाच चष्मा पळवते का? आणि पंखा खुशाल जोरात लाव. कुरकुर करणारा तिथं नाही.

काल माझ्या ताईचा फोन आला. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर तुला पुन्हा रक्त जातंय, हे तिला सांगितलंस; मला मात्र पडद्यांचा रंग कळवलास. "वयाचं आहे, चालायचंच," म्हणत बसू नकोस. ताईला घेऊन याच आठवड्यात डॉक्टरबाईंकडे जा. त्या काय म्हणतात ते या वेळी आधी मला सांग.

मला भीती वाटते आहे.

तुझाच