तिच्या दुपारच्या झोपेविषयी

प्रिय खारुताई,

तू पाठवलेलं वेळापत्रक मिळालं. ते जेवणाच्या टेबलावर पसरून तीन दिवस मी त्याच्यासमोर चहा पितो आहे. निळ्या रंगात दूध, पिवळ्या रंगात जागेपण, करड्या रंगात झोप. साडेनऊ ते अकरा झोप, साडेबारा ते अडीच झोप, चार ते पाच झोप. फार नीटनेटकं केलं आहेस. शाळेत असताना वह्यांना कव्हरं घालायचीस, तसं. अडचण एवढीच, की छोटीने ते वाचलेलं नाही.

अडीच महिन्यांचं पोर घड्याळ बघत नाही गं. दिवस कुठला आणि रात्र कुठली हेही आत्ता कुठे तिच्या लक्षात यायला लागलंय. एवढंसं बाळ तास-सव्वातास जागं राहिलं, फार तर दीड तास, की संपलं. तेव्हा घड्याळाकडे नको, तिच्याकडे बघ. नजर एका जागी अडकते, तुझ्याकडून तोंड फिरवते, भुवयांपाशी लाल होतं, मुठी आवळल्या जातात. तेव्हाच उचल. जांभई आली म्हणजे जरा उशीर झाला आणि रडायला लागली म्हणजे गाडी चुकली. लोक म्हणतात, जागं ठेवा, म्हणजे दमून छान झोपेल. उलटंच असतं. दमलेलं बाळ झोपेशी भांडतं. आणि पंचवीस-तीस मिनिटांच्या झोपांना तू लाल गोल केले आहेस ना, ते खोडून टाक. ती तुझी चूक नाही, तिची तर नाहीच. या वयात झोप अशीच तुकड्यातुकड्यांनी येते. दिवसा खिडकी उघडी असू दे, भांडी वाजू देत. चौथ्या-पाचव्या महिन्यात आपोआप थोडी घडी बसायला लागेल.

तू म्हणशील, एकतीस वर्षं बाटल्या तपासणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवलं? फोनवर तू हेच विचारलंस, फक्त वेगळ्या शब्दांत. तुझी रजा संपते आहे, दोन महिने येऊन छोटीला सांभाळाल का, असं तू म्हणालीस आणि मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही मला तरी कधी झोपवलंत?" आणि "राहू द्या" म्हणून फोन ठेवलास. माझे गुडघे ठणठणीत आहेत, खारुताई. तीन मजले रोज चढतो.

आणि तुला आठवतं ते खरंच आहे. मी तुला कधी झोपवलं नाही. थोपटायची, गुणगुणायची ती तुझी आई. मी दारात उभा असायचो. "आमचे बाबा म्हणजे वॉचमन," असं तू मैत्रिणींना सांगायचीस, ते माझ्या कानावर यायचं. मी तुझे श्वास मोजत असायचो. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. भराभर चार-सहा घेतं आणि मधेच थांबतं. पाच सेकंद, सात सेकंद. मग पुन्हा सुरू. हे अगदी नेहमीचं आहे, सगळ्या पुस्तकांत लिहिलंय. पण त्या सात सेकंदांत मी किती वेळा म्हातारा झालो असेन ते मलाच माहीत. तू दोन वर्षांची झालीस तरी माझं थांबलं नव्हतं. एका दुपारी तू दचकून उठलीस, कारण माझं बोट तुझ्या नाकाखाली होतं. तू भोकाड पसरून आईला सांगितलंस, "बाबा नाक चोरतात." आई पोट धरून हसली. मग स्वयंपाकघरात गेली आणि तिने बराच वेळ नळ सोडून ठेवला.

मागच्या महिन्यातली ती दुपार तुला आठवत असेल. तू घरच्यांना फोटो पाठवला होतास. जावईबापू सोफ्यावर घोरताहेत, छोटी त्यांच्या छातीवर पालथी, आणि खाली तू लिहिलंस, "दोन कुंभकर्ण". सगळ्यांनी हसून घेतलं. मी तुला अकरा वेळा फोन केला. बाराव्या वेळी तू उचललास, तेव्हा मी म्हणालो, चुकून लागला. तू म्हणालीस, बाबा, फोन वापरायला शिका आता. मागे छोटी रडत होती. इतका गोड आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता.

आता ते लिहितो, जे तुझ्या आईने आणि मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्याआधी आम्हाला एक मुलगा होता. अडीच महिन्यांचा होऊन वर चार दिवस.

त्या वेळी माझी रात्रपाळी होती. काचेच्या बाटल्यांची भट्टी कधी विझत नाही, म्हणून आम्हालाही सुट्टी नसे. पांढऱ्या उजेडासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि आम्ही त्यात तडा शोधायचा. दर अर्ध्या तासाने माणूस बदलायचा, असा तिथला नियम होता. कारण त्या उजेडासमोर माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो आणि त्याचं त्यालाच कळत नाही. तुझी आई शिवणाच्या वर्गावर शिकवायची. बाळंतपणानंतर कामावर जाण्याचा तिचा तो पहिलाच दिवस. अकरा ते दोन, बस. जाताना म्हणाली, "दूध पाजलंय. झोप आली की पाळण्यात ठेवा. रडला तरी थोपटा जरा, झोपेल." मी म्हटलं, जा तू बिनघोर. मी सकाळी साडेसातला घरी आलो होतो आणि अजून आडवा झालो नव्हतो.

तो झोपेना. दोन तास होऊन गेले. त्याला झोप अनावर झाली आहे हे मला कळलंच नाही, मी खुळखुळा वाजवत बसलो. तीनदा पाळण्यात ठेवलं, तिन्ही वेळा पाठ टेकताच किंचाळून उठला. रडून रडून त्याचं तोंड जांभळं झालं. शेवटी मी त्याला छातीवर घेतलं आणि सोफ्यावर टेकलो. मिनिटभरात तो शांत झाला. माझ्या सदऱ्याचं बटण मुठीत धरून झोपला. त्या वेळी मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हे मला जमतं. आई नसतानाही माझ्यापाशी झोपतो. म्हटलं, झोप गाढ लागेपर्यंत बसू, मग उचलून ठेवू. अर्ध्या तासाने माणूस बदलायचा, हे मला माहीत होतं. पण घरी बदली माणूस नव्हता.

दारात किल्ली फिरली त्या आवाजाने मला जाग आली. सव्वादोन वाजले होते. तो छातीवर नव्हता. माझं कोपर आणि सोफ्याची पाठ यांच्यामध्ये घसरला होता. पुढचं लिहीत नाही.

डॉक्टर भले होते. म्हणाले, काही बाळं अशीच जातात, पाळण्यात असता तरी कदाचित हेच झालं असतं, कुणीच सांगू शकत नाही. त्या 'कदाचित'वर मी अडतीस वर्षं जगतो आहे. तुझी आई एकदाच बोलली, "तुम्ही दमला होतात." ओरडली असती, चार माणसांत बोलली असती, तर मला सोपं गेलं असतं. ती पुन्हा कधीच त्या विषयावर आली नाही. तू पोटात होतीस तेव्हा एवढंच म्हणाली, "या बाळाच्या पाठीवर ते ओझं नको." मी लगेच हो म्हटलं. तुझ्यासाठी म्हटलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी सुटलो होतो.

तेव्हापासून मी दुपारी आडवा होत नाही. ग्रंथालयात जाऊन बाळांच्या झोपेवरचं मिळेल ते वाचलं. तिथल्या बाईंना वाटायचं, मी दाईच्या परीक्षेला बसणार आहे. इतकं वाचूनही एक गोष्ट जात नाही. सव्वादोनच्या सुमारास डाव्या कुशीत वजन येतं. चार-पाच किलोंचं, कोमट. कधी कपडे वाळत घालताना, कधी रस्त्यात. मी हात तसाच वाकडा धरून उभा राहतो, आणि थोड्या वेळाने ते जातं. कधी शेजारच्या खोलीतून दूध पिऊन झाल्यावरचा छोटा सुस्कारा येतो. भूत म्हणावं एवढं ते मोठं झालंच नव्हतं. तुझ्या आईलाही ऐकू यायचं की नाही, मी विचारलं नाही. आता ती जाऊन चार वर्षं झाली, आता विचारणार कुणाला?

म्हणून हे ऐक. छोटीला तिच्या स्वतःच्या पाळण्यात ठेवायचं, दरवेळी उताणं, दुपारच्या वीस मिनिटांसाठीसुद्धा. गादी कडक आणि सपाट. उशी नको, रजई नको, तो लांब कानांचा ससा तर आजच बाहेर काढ. पाळणा तुम्ही असाल त्याच खोलीत असू दे. जावईबापूंना रागावू नकोस. दमलेल्या माणसाच्या छातीवर बाळ आलं की डोळे मिटतातच. फक्त कुणाचे डोळे जड झालेले दिसले की बाळ उचल. आणि तुझेच झाले, तर कुणाला तरी हाक मार. हाक मारण्यात कमीपणा नाही. मला तेव्हा शेजारच्या दारावर थाप मारता आली असती.

गेल्या गुरुवारी मी इथल्या बालरुग्णालयात नव्या आईबाबांच्या वर्गाला गेलो. तुला फोनवर नाही म्हटल्यापासून मला घरात बसवेना. सगळी तुझ्या वयाची जोडपी, पिकल्या केसांचा मी एकटा. प्रत्येकाला कापडी बाहुली दिली होती. मी माझ्या बाहुलीला नीट उताणं ठेवलं. शेवटी नर्सबाई फॉर्म भरून घेत होत्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्हाला मुलं किती?" या प्रश्नाला तुझ्या जन्मापासून माझं उत्तर ठरलेलं होतं, एक. तोंडातून निघून गेलं, "दोन." त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं आणि पुढच्या जोडप्याकडे वळल्या. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. मनात आलं, एका अनोळखी बाईच्या कागदावर तो आहे आणि त्याच्या सख्ख्या बहिणीला तो माहीत नाही. म्हणून हे पत्र लिहिलं. आता सगळं तुला ठाऊक आहे. छोटीला माझ्यापाशी ठेवायचं की नाही, हे तू ठरव. नको म्हणालीस तर मी कारण विचारणार नाही. ये म्हणालीस, तर मला दुसऱ्या दिवशीची गाडी मिळते.

तुझा, आणि त्याचाही,
बाबा